डिजिटल गेम्सचा पसारा: कन्सोलची लायब्ररी नीट लावायची कशी

कन्सोलवर पन्नास-साठ गेम्स जमले की एक ठरलेला प्रकार सुरू होतो. खेळायला बसायचं, लायब्ररी उघडायची, वरपासून खालपर्यंत दोन चकरा मारायच्या आणि शेवटी नेहमीचाच गेम लावायचा. सेलमध्ये घेतलेले, सबस्क्रिप्शनमधून आलेले, कुणीतरी सुचवले म्हणून उतरवून ठेवलेले असे बाकीचे सगळे तिथेच पडून राहतात. त्यात मध्येच स्टोरेज भरल्याचा इशारा येतो आणि घाईघाईत काहीतरी डिलीट करावं लागतं.

हा गोंधळ होतो, कारण तीन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो: आपल्या नावावर कोणते गेम्स आहेत, मशीनमध्ये सध्या कोणते उतरवलेले आहेत आणि पडद्यावर समोर कोणते दिसतात. गेम डिलीट केला तरी तो नावावरून जात नाही. नावावर आहे म्हणून तो समोर दिसलाच पाहिजे असंही नाही. एवढं डोक्यात पक्कं झालं की पुढचं काम बरंच सोपं जातं. आणखी एक गोष्ट, आणि खाली जे काही सांगतोय ते सगळं तिच्यावर उभं आहे: विकत घेतलेला गेम, काही अपवाद सोडले तर, पुन्हा उतरवता येतो. तुमची चाळीस तासांची प्रगती पुन्हा उतरवता येत नाही, तिची प्रत कुठेतरी असावी लागते.

म्हणून सुरुवात याद्या आणि फोल्डर यांपासून करू नका. आधी अकाउंट, मग सेव्ह (म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती), मग जागा आणि शेवटी याद्या.

अकाउंट

डिजिटल गेम मशीनला नाही, अकाउंटला बांधलेला असतो. अनेकांची दोन-तीन अकाउंट असतात: एक जुनं, एक दुसऱ्या देशाच्या स्टोअरसाठी उघडलेलं, एक घरातल्या मुलांचं. प्रत्येकात लॉगिन करून खरेदीचा इतिहास एकदा तपासा आणि कोणता गेम कोणत्या अकाउंटवर आहे ते लिहून काढा. प्लेस्टेशनवर ही माहिती विशेष उपयोगी पडते, कारण तिथे गेम ज्या विभागाच्या स्टोअरमधला असेल त्याच विभागाचा डीएलसी (गेमला नंतर जोडायचा जादा भाग) त्याला चालतो.

अकाउंटचा ईमेल अजून वापरात आहे ना, तेही बघा. बंद पडलेल्या ईमेलवर उभं असलेलं अकाउंट म्हणजे संकटाला आमंत्रण. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि त्याचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला तर फोनमध्ये ठेवलेल्या कोडचा काही उपयोग नाही.

घरात एकापेक्षा जास्त जण खेळत असतील तर मुख्य कन्सोल ठरवून टाका. प्लेस्टेशन ५ (पीएस५) वर याला ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ म्हणतात आणि एका अकाउंटसाठी ते एकाच पीएस५ वर चालू ठेवता येतं. एक्सबॉक्सवर ‘होम एक्सबॉक्स’ असतो, तो वर्षातून पाच वेळाच बदलता येतो. ही सोय चालू असली की तुमचे गेम्स त्या मशीनवर घरातल्या इतरांनाही त्यांच्या स्वतःच्या प्रोफाइलमधून खेळता येतात आणि इंटरनेट बंद असतानाही चालतात.

सेव्ह: इथे घाई नको

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो स्विच या तिन्हींचे नियम वेगवेगळे आहेत आणि नेमके ते माहीत नसल्यामुळेच लोक प्रगती गमावून बसतात.

एक्सबॉक्सवर काम सर्वांत सोपं आहे. कन्सोल इंटरनेटला जोडलेला असेल तर सेव्ह आपोआप क्लाउडवर (कंपनीच्या सर्व्हरवर) जातात आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. जपायचं ते एकाच ठिकाणी. गेमच्या ‘मॅनेज’ भागात सेव्ह डेटा डिलीट करायला गेलात की तो फक्त या कन्सोलवरून काढायचा की सगळीकडून, असे पर्याय येतात. ‘सगळीकडून’ म्हणजे क्लाउडवरूनही. तो पर्याय नजरचुकीनेही दाबू नका.

पीएस५ वर क्लाउड बॅकअप पीएस प्लस या पैसे भरून घ्यायच्या योजनेच्या सभासदांनाच मिळतो. त्यात पीएस५ च्या गेम्ससाठी १०० जीबी आणि पीएस४ च्या गेम्ससाठी वेगळी १०० जीबी जागा असते. पीएस४ गेमचा सेव्ह यूएसबी ड्राइव्हवर कॉपी करता येतो, पीएस५ गेमचा मात्र सुटा काढता येत नाही. सभासदत्व नसेल तर एक आडवाट आहे. सेटिंग्जमधल्या सिस्टिम विभागात ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ आहे, तिथून सेव्ह डेटासकट यूएसबी ड्राइव्हवर बॅकअप घेता येतो. पण तो परत भरताना कन्सोल आधी पूर्ण रिसेट होतो. त्यामुळे रोजच्या वापरासाठी हा उपाय नाही. मशीन बदलताना किंवा दुरुस्तीला देताना करायचं हे काम.

स्विचवर सेव्ह नेहमी कन्सोलच्या अंतर्गत मेमरीतच राहतात, मायक्रोएसडी कार्डवर जात नाहीत. गेम कार्डवर असला तरी सेव्ह मशीनमध्ये, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. क्लाउड बॅकअपला निन्टेंडो स्विच ऑनलाइनचं सभासदत्व लागतं आणि काही गेम्स त्यातून वगळलेले आहेत. उदाहरणार्थ, ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’मध्ये बेटाचा बॅकअप गेममधूनच वेगळा चालू करावा लागतो. सभासदत्व संपल्यावर १८० दिवसांच्या आत ते पुन्हा घेतलं तर क्लाउडवरचे सेव्ह परत मिळवता येतात. त्यानंतरची खात्री नाही.

दोन कन्सोल वापरणाऱ्यांसमोर कधीतरी एक पडदा येतोच: क्लाउडवरचा सेव्ह आणि मशीनवरचा सेव्ह जुळत नाहीत, कोणता ठेवायचा? दोन्हींसमोर तारीख आणि वेळ दिलेली असते. ती वाचा. ‘अपलोड’ केलंत तर मशीनवरचा सेव्ह क्लाउडवरच्या प्रतीवर चढतो, ‘डाउनलोड’ केलंत तर क्लाउडवरचा मशीनवरच्या प्रतीवर. नवी तारीख म्हणजे पुढची प्रगती, असंही दरवेळी नसतं. घरात कुणी सहज गेम उघडून पहिलं दृश्य बघून बंद केला असेल, तर नव्या तारखेचा सेव्ह पाच मिनिटांचा असू शकतो. शंका असेल तर त्या वेळी काहीच निवडू नका. दुसऱ्या कन्सोलवर जाऊन गेम उघडून बघा आणि मग ठरवा.

एवढं झालं की गेम्स डिलीट करायला भ्यायचं कारण उरत नाही. पीएस५ वर गेम डिलीट केल्याने सेव्ह जात नाही, तो वेगळ्या ठिकाणाहून डिलीट करावा लागतो. स्विचवर तर ‘अर्काइव्ह सॉफ्टवेअर’ हा खास पर्याय आहे: गेमचा डेटा जातो, सेव्ह आणि होम मेनूवरचं चित्र राहतं.

जागा किती आणि ठेवायचं काय

खोक्यावरचा आकडा आणि हाती येणारी जागा यांत फरक असतो, कारण सिस्टिम स्वतःसाठी जागा राखून ठेवते. सुरुवातीच्या पीएस५ मध्ये ८२५ जीबीची एसएसडी (आतली वेगवान ड्राइव्ह) होती, पण गेम्सना मिळायची साधारण ६६७ जीबी. एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या १ टीबीपैकी ८०२ जीबी आणि सिरीज एसच्या ५१२ पैकी ३६४ जीबी हाती येते. पहिल्या स्विचमध्ये एकूण मेमरीच ३२ जीबी, ओलेड मॉडेलमध्ये ६४ आणि २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये २५६. मोठे गेम्स आता सहज १०० जीबीच्या घरात जातात. सिरीज एसवर असे तीन गेम्स ठेवले की संपलं.

काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे आवडीनिवडीपेक्षा इंटरनेटच्या वेगावर ठरवा. हिशोब सोपा आहे. १०० जीबी म्हणजे ८०० गिगाबिट. ५० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चाललं तरी त्याला साडेचार तास लागतात, १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास. प्रत्यक्षात याहून जास्तच धरा. म्हणजे मोठा गेम काढलात तर तो ‘आज संध्याकाळी’ परत येणार नाही, रात्रभर लावून ठेवावा लागेल. दोन-चार जीबीचे छोटे गेम्स काही मिनिटांत येतात, पण त्यांना काढून जागाही फारशी मिळत नाही. म्हणून छोट्यांना हात लावू नका. तीन मोठे, महिनोन्‌महिने न उघडलेले गेम्स शोधा आणि आधी ते काढा.

पीएस५ वर सेटिंग्ज, स्टोरेज, कन्सोल स्टोरेज, ‘गेम्स अँड ॲप्स’ इथे आकारानुसार क्रम लावता येतो आणि एकावेळी अनेक गेम्स निवडून डिलीट करता येतात. एक्सबॉक्सवर ‘माय गेम्स अँड ॲप्स’मध्येही आकारानुसार क्रम लावता येतो.

पूर्ण गेम काढण्याआधी त्याचे तुकडे बघा. काही मोठ्या गेम्समध्ये कथेचा भाग आणि ऑनलाइन मल्टीप्लेअरचा भाग वेगवेगळे काढता येतात. कथा खेळून झाली आणि मित्रांबरोबर मल्टीप्लेअर चालू आहे, तर कथेचा भाग कशाला सांभाळायचा? एक्सबॉक्सवर हे ‘मॅनेज गेम अँड ॲड-ऑन्स’मध्ये मिळतं. पीएस५ वर गेमवर असताना ऑप्शन्स बटण दाबून ‘मॅनेज गेम कंटेंट’मध्ये जा.

पीएस५ वाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. ज्या गेमची पीएस४ आणि पीएस५ अशी दोन्ही रूपं आहेत, त्याची दोन्ही रूपं एकाच वेळी मशीनवर बसलेली असू शकतात, म्हणजे दुप्पट जागा. त्यातलं पीएस४ चं काढून टाकता येतं. पण दोन्हींचे सेव्ह वेगळे असतात. तुम्ही खरंच कोणत्या रूपात खेळत होता ते आधी बघा आणि गेममध्ये सेव्ह पुढे नेण्याची सोय असेल तर ती वापरून झाल्यावरच डिलीट करा.

रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि स्क्रीनशॉटही जागा खातात. गॅलरीवर एक नजर टाका.

जादा स्टोरेज

बाहेरची हार्ड डिस्क घेण्याआधी तिच्यावरून काय चालेल ते समजून घ्या, कारण लोकांची निराशा नेमकी इथेच होते. पीएस५ चे गेम्स यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात, खेळता येत नाहीत. पीएस४ चे मात्र थेट तिथूनच चालतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसवरही हाच प्रकार: या पिढीसाठी बनवलेले गेम्स अंतर्गत एसएसडीवरून किंवा खास विस्तार कार्डवरूनच चालतात, एक्सबॉक्स वन आणि त्याआधीचे यूएसबीवरून.

म्हणून यूएसबी हार्ड डिस्क म्हणजे माळा समजा. रोजचं सामान तिथे ठेवायचं नाही, पण फेकूनही द्यायचं नाही अशा गोष्टींची ती जागा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते असं धरलं तर १०० जीबीचा गेम सतरा मिनिटांत आत येतो. मघाशी काढलेल्या साडेचार तासांशी तुलना करा. इंटरनेट मंद किंवा मोजून मिळणारं असेल तर हा खर्च नक्कीच सार्थकी लागतो. वेगवान, अमर्याद कनेक्शन असेल तर माझ्या मते त्याची गरज नाही.

पीएस५ मध्ये थेट खेळता येईल अशी जागा हवी असेल तर आतल्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवावी लागते. ती पीसीआयई जेन ४ प्रकारची असावी, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त असावा अशी सोनीची शिफारस आहे आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आवश्यक आहे. २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंतच्या चालतात. स्विच २ ला फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड लागतं. जुन्या स्विचचं साधं कार्ड त्यात गेम्ससाठी चालत नाही.

याद्या: प्रकारानुसार लावू नका

आता मजेचा भाग. बहुतेक जण बसल्या बैठकीला ‘ॲक्शन’, ‘रेसिंग’, ‘आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम्स), ‘पझल’ असे कप्पे पाडतात. दिसायला छान दिसतं, उपयोग शून्य. संध्याकाळी खेळायला बसताना ‘आज मला आरपीजी हवा’ असं क्वचितच मनात येतं. मनात येतं ते असं: अर्धा तास आहे, डोकं थकलंय, किंवा पाहुणे आलेत, चौघांना एकत्र खेळता येईल असं काय आहे? याद्या या प्रश्नांच्या हव्यात.

मी सुचवेन त्या अशा:

- चालू आहे: जास्तीत जास्त तीन गेम्स. चौथा घालायचा तर एक बाहेर.
- यानंतर: पाच. इन्स्टॉल नसले तरी चालतील.
- अर्धा तास: एका बैठकीत संपणाऱ्या फेऱ्यांचे गेम्स.
- सगळ्यांसोबत: एकाच सोफ्यावर बसून खेळायचे. ऑनलाइन मल्टीप्लेअर यात मिसळू नका.
- मुलांसाठी: गरज असेल तर.
- संपले: बघून बरं वाटतं, एवढाच हेतू.
- नाही जमलं: ज्यांच्यावर पाणी सोडलंय ते.

शेवटची यादी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तीच करायला लोक कचरतात. पैसे दिलेत म्हणून गेम संपवलाच पाहिजे, ही बोचणी लायब्ररी तुंबवते. तीन तास खेळूनही मन रमलं नाही तर खुशाल तिथे टाका. गेम कुठे जात नाही.

‘चालू आहे’ला तीनची मर्यादा घालायचं कारण साधं आहे. मोठ्या गेममध्ये महिनाभराच्या खंडानंतर परत आलं की बटणं आठवत नाहीत, कुठे निघालो होतो ते आठवत नाही आणि माणूस पहिल्यापासून सुरू करतो किंवा सोडून देतो. एका वेळी तीनच असतील तर असे खंड कमी पडतात.

करायचं कुठे? पीएस५ वर गेम लायब्ररीत ‘युअर कलेक्शन’ टॅबमध्ये ‘क्रिएट गेमलिस्ट’ आहे. ही सोय २०२२ मध्ये आली. अशा १५ याद्या करता येतात आणि प्रत्येकीत १०० गेम्स मावतात. न उतरवलेले गेम्सही त्यात घालता येतात, म्हणून ‘यानंतर’ ही यादी तिथे छान जमते. एक्सबॉक्सवर ‘माय गेम्स अँड ॲप्स’मध्ये ‘ग्रुप्स’ आहेत. तयार केलेला ग्रुप होम स्क्रीनवर आणता येतो, ते जरूर करा, नाहीतर तो आतच पडून राहील. स्विचवर होम मेनूच्या अगदी उजवीकडे ‘ऑल सॉफ्टवेअर’ आहे, तिथे एल बटण दाबलं की ग्रुप्स उघडतात. १०० पर्यंत ग्रुप्स करता येतात. तेवढे लागत असतील तर प्रश्न गेम्सचा राहिलेला नाही.

होम स्क्रीनवर कमीत कमी ठेवा. पीएस५ वर गेमच्या ऑप्शन्समधून ‘कीप इन होम’ केलं की तो पुढून हलत नाही. ‘चालू आहे’मधले तीन तिथे ठेवा. पुन्हा कधीच बघायचे नाहीत असे डेमो, बीटा, चुकून घेतलेले मोफत गेम्स लायब्ररीतून लपवून टाका. लपवलेला गेम नावावरून जात नाही, हवा तेव्हा परत समोर आणता येतो.

सबस्क्रिप्शनचे गेम्स वेगळे धरा

विकत घेतलेले आणि सबस्क्रिप्शनमधले गेम्स लायब्ररीत शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांचं आयुष्य सारखं नसतं. पीएस प्लसचे महिन्याचे गेम्स एकदा आपल्या लायब्ररीत घेतले की सभासद असेपर्यंत खेळता येतात. ते घेण्यासाठी उतरवावे लागत नाहीत, नुसतं ‘लायब्ररीत जोडा’ पुरतं. पीएस प्लसच्या एक्स्ट्रा आणि त्यावरच्या श्रेणीतला कॅटलॉग, तसंच एक्सबॉक्सची गेम पास ही सबस्क्रिप्शन, यांतले गेम्स मात्र कधीही बाहेर जाऊ शकतात. गेम पासमध्ये ‘लीव्हिंग सून’ आणि पीएस प्लसमध्ये ‘लास्ट चान्स टू प्ले’ असे विभाग असतात. महिन्यातून एकदा तिकडे फेरी मारा. साठ तासांचा गेम सुरू करण्याआधी तर नक्कीच.

गेम बाहेर गेला तरी तुमचा सेव्ह लगेच पुसला जात नाही. पुढे तो विकत घेतलात तर सहसा तिथून पुढे सुरू करता येतं. म्हणून सबस्क्रिप्शनचा गेम डिलीट करतानाही सेव्ह ठेवा.

कोणता गेम डिलीट करायचा नाही

वर ‘काही अपवाद’ म्हटलं होतं, ते हे. स्टोअरमधून काढलेला गेम आधी विकत घेतला असेल तर बहुधा खरेदीच्या यादीतून पुन्हा उतरवता येतो, पण नेहमीच नाही. प्लेस्टेशन ४ वरचा ‘पी.टी.’ हा मोफत डेमो २०१४ मध्ये आला आणि २०१५ मध्ये काढला गेला. ज्यांनी तो डिलीट केला त्यांना तो पुन्हा उतरवता आला नाही. जुन्या पिढीची दुकानंही बंद होत जातात. निन्टेंडोच्या वी यू आणि ३डीएस या जुन्या कन्सोलच्या ईशॉपवरची खरेदी मार्च २०२३ मध्ये थांबली, एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर जुलै २०२४ मध्ये. दोन्हीकडे आधी घेतलेलं उतरवण्याची सोय चालू ठेवली गेली, पण जुन्या मशीनवर मनापासून आवडणारं काही असेल तर ते आजच उतरवून ठेवलेलं बरं. फक्त सर्व्हरवर चालणाऱ्या गेम्सना हा उपायही लागू पडत नाही. ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि तो विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला.

असे दुर्मीळ गेम्स आकाराने सहसा लहानच असतात. त्यांची ‘हात लावू नका’ अशी एक यादी करा. मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांना ती माहीत असू द्या.

कन्सोलबाहेरची एक वही

दोन किंवा अधिक कन्सोल असतील तर कोणत्याच कन्सोलची यादी पुरी पडत नाही. तोच गेम दुसऱ्या मशीनवर पुन्हा विकत घेणारे लोक कमी नाहीत. फोनवरची साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने पाचच: गेम, कन्सोल आणि अकाउंट, विकतचा की सबस्क्रिप्शनचा, स्थिती, आणि ‘कुठे थांबलो’.

शेवटच्या रकान्यात गेम बाजूला ठेवताना दोन ओळी लिहायच्या. ‘उत्तरेचा बुरूज झाला. लोहाराला तीन धातू द्यायचेत. एल१ ने ढाल, वर दाबून धरलं की औषध.’ दोन महिन्यांनी हे वाचून गेम उघडला की पाच मिनिटांत हात बसतो. बाकीचे रकाने भरायचा कंटाळा आला तरी हा एक भरा.

नवीन काही घेताना आधी ही शीट उघडायची आणि ‘यानंतर’मधले पाच बघायचे. सेल चालू असेल आणि पाचही जागा भरलेल्या असतील तर गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. किंमत उतरली की स्टोअर स्वतःच कळवतं, आणि डिजिटल स्टोअरचे सेल वर्षभरात पुन्हा पुन्हा येत राहतात.